विश्लेषण : संकटकाळात ‘आसानी’ मागणारी दुआ नेमकी काय आहे? ती फक्त मागायची असते की करायचीही?

बदलापूर पूर्वेतील खरवई परिसरात दोन प्रकारची जमीन जवळजवळ नांदते. एका बाजूला चंदेरी आणि मलंगगडाकडचे कातळ, चढ-उतार. रेल्वेरुळांच्या पलीकडे गेले की उल्हास नदीकाठचा सखल, सपाट भाग. संकटाच्या वेळी मुस्लीम कुटुंबांत म्हटल्या जाणाऱ्या एका छोट्याशा अरबी दुआचा अर्थ याच दोन प्रकारच्या जमिनींवर उभा आहे.

या भागाला अडचणी नव्या नाहीत. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. जानेवारी २०२४ मध्ये खरवई एमआयडीसीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगाराचा जीव गेला. रोजच्या अडचणी तर वेगळ्याच. पहाटेची लोकल, रात्रपाळी, घराचे हप्ते, मुलांच्या परीक्षा आणि दवाखान्याचा खर्च. अशा वेळी ‘ही दुआ वाचा, अडचण दूर होईल’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. त्यातले खरे किती, परंपरेतले किती आणि भर घातलेले किती, हे समजून घेऊ या.

दुआ आणि नमाज यांत फरक काय?

मराठीत दोन्हींसाठी आपण सरसकट ‘प्रार्थना’ म्हणतो. इस्लाममध्ये मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. नमाज, म्हणजे अरबीतील ‘सलात’, ही ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या पद्धतीने करायची उपासना. दिवसातून पाच वेळा, वुजू करून, किब्ल्याकडे तोंड करून ती अदा केली जाते. तिच्या रकाती ठरलेल्या असतात.

दुआ म्हणजे मागणे, हाक मारणे. तिला वेळेचे बंधन नाही. वुजू असलाच पाहिजे असे नाही. उभे राहून, बसून, अंथरुणावर पडून किंवा गर्दीच्या डब्यात दांडा धरूनही ती मागता येते. नमाजेबाहेर ती कोणत्याही भाषेत चालते. त्यामुळे अरबी येत नाही म्हणून मराठीत, उर्दूत किंवा कोकणीत मागितलेली दुआ कमी दर्जाची ठरत नाही.

गंमत म्हणजे हा शब्द मराठीला परका नाही. ‘गरिबाची दुवा घ्यावी’ असे आपण सहज म्हणतो. त्यातला ‘दुवा’ म्हणजे हाच शब्द. मराठीत येताना त्याचा अर्थ ‘आशीर्वाद’ याकडे झुकला, एवढाच फरक.

‘आसानी’ची दुआ म्हणून ओळखली जाते ती कोणती?

हदीस, म्हणजे प्रेषित मोहम्मद पैगंबर यांची वचने आणि कृती यांच्या नोंदींत, अनस बिन मालिक यांच्याकडून आलेली एक छोटी दुआ आहे. अनस हे पैगंबरांच्या सेवेत वाढलेले सहकारी. इब्न हिब्बान (मृत्यू इ. स. ९६५) यांच्या हदीस संग्रहात ती नोंदवलेली आहे. कठीण काम समोर आले की ती म्हटली जाते.

तिचा आशय साधारण असा : हे अल्लाह, तू सोपे केलेस तेच सोपे, बाकी काही आपणहून सोपे नसते, आणि तुझी इच्छा असेल तर खडतर गोष्टही तू सोपी करून देतोस.

येथे दोन शब्द महत्त्वाचे आहेत : ‘सह्ल’ आणि ‘हज्न’. अरबीत ‘सह्ल’ म्हणजे सोपे, पण सपाट मैदानी जमीन हाही त्याचा अर्थ आहे. ‘हज्न’ म्हणजे खडबडीत, कठीण, चालताना पाय ठेचाळतील अशी जमीन. दुःख या अर्थाचा ‘हुज्न’ हा शब्दही याच धातूतून येतो. वाळवंटात आणि डोंगरांत उंटांचे तांडे हाकणाऱ्या समाजाला रस्त्याचा हा फरक पायांनी ठाऊक होता. म्हणून या दुआत मागणे आहे ते वाट चालण्याजोगी होण्याचे. प्रवास टळावा असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. चालायचे आपल्यालाच आहे, हे त्यात गृहीतच धरलेले आहे.

‘हज्न’ नावाच्या माणसाची गोष्ट काय आहे?

याच दोन शब्दांवरची एक गोष्ट ‘सहीह बुखारी’ या प्रसिद्ध हदीस संग्रहात आहे. मदिनेचे विद्वान सईद बिन मुसय्यब यांच्या आजोबांचे नाव ‘हज्न’ होते. ते पैगंबरांकडे आले तेव्हा त्यांना नाव विचारण्यात आले. त्यांनी ‘हज्न’ सांगताच पैगंबरांनी ‘सह्ल’ हे नाव सुचवले. आजोबांनी मात्र वडिलांनी ठेवलेले नाव बदलायला नकार दिला. पुढे नातू सईद सांगत की, तेव्हापासून आमच्या घराण्याच्या स्वभावातला खडबडीतपणा काही गेला नाही.

गोष्ट छोटी आहे, पण तिच्यात एक बारकावा आहे. सह्ल आणि हज्न हे शब्द फक्त परिस्थितीचे नाहीत, स्वभावाचेही आहेत. वाट सोपी व्हावी असे मागणारा माणूस दुसऱ्यासाठी खडतर राहिला, तर मागण्यातच विसंगती येते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा येऊ.

कुरआनात याबद्दल काय आहे?

कुरआनात सोपेपणासाठी ‘युस्र’ आणि अडचणीसाठी ‘उस्र’ ही शब्दांची जोडी वारंवार येते. गझलप्रेमींच्या ओळखीचा ‘मयस्सर’ हा शब्दही ‘युस्र’च्याच कुळातला. मयस्सर म्हणजे सहज मिळालेले, हाती आलेले.

या जोडीचा सर्वांत परिचित उल्लेख ९४ व्या अध्यायात, ‘सूरह अश-शर्ह’मध्ये आहे. हा अवघ्या ८ आयतींचा अध्याय मक्केतला, म्हणजे पैगंबर आणि त्यांचे मोजके अनुयायी विरोध आणि छळ सोसत होते त्या काळातला. त्यातील पाचव्या आणि सहाव्या आयतीत अडचणीसोबत आसानी असते, हा एकच विचार लागोपाठ दोनदा येतो.

अरबी व्याकरणाचे जाणकार येथे एक गोष्ट दाखवून देतात. दोन्ही वेळा ‘उस्र’ या शब्दाला ‘अल्’ जोडलेले आहे, म्हणजे ती ठरावीक, एकच अडचण. ‘युस्र’ला मात्र ‘अल्’ नाही, म्हणून दुसऱ्यांदा आलेली आसानी ही वेगळी, आणखी एक. यावरून जुन्या भाष्यकारांनी अर्थ काढला की, अडचण एक असली तरी तिच्याबरोबर आसानी दोन असतात. दुसरा बारकावा असा की, आयतीतला शब्द ‘नंतर’ या अर्थाचा नाही, ‘सोबत’ या अर्थाचा आहे. अडचण संपल्यावर आसानी येईल इतकेच त्यात नाही. अडचण चालू असतानाच तिची वाट कुठे तरी उघडलेली असते, असा त्याचा रोख आहे.

याच अध्यायाचा शेवट अनेकदा सांगायचा राहून जातो. एका कामातून मोकळे झालात की पुढच्या कष्टाला लागा आणि आपल्या पालनकर्त्याकडे वळा, अशा आशयाच्या आयतींनी तो संपतो. आसानीचे आश्वासन आणि कष्टाचा आदेश एकाच छोट्या अध्यायात आहेत.

पैगंबर मूसा आणि यूनुस यांच्या दुआ कोणत्या?

आसानीसाठी आणखी दोन दुआ घरोघर म्हटल्या जातात.

पहिली मूसा (ज्यू-ख्रिस्ती परंपरेतील मोझेस) यांची. कुरआनच्या २० व्या अध्यायात, ‘सूरह ताहा’मध्ये, २५ ते २८ या आयतींत ती आहे. फिरऔनसारख्या बलाढ्य राजासमोर जाऊन बोलण्याचे काम त्यांच्यावर सोपवले जाते. तेव्हा ते छाती मोकळी व्हावी, काम सोपे व्हावे आणि लोकांना बोलणे समजावे म्हणून जिभेची गाठ सुटावी, असे मागतात. तोंडी परीक्षा, नोकरीची मुलाखत, पहिले भाषण अशा वेळी ही दुआ म्हणण्याची पद्धत त्यामुळेच पडली. मदरशांत आणि मकतबांत धडा सुरू करताना मुले ‘रब्बि यस्सिर’ या नावाने ओळखली जाणारी छोटी दुआ म्हणतात. तिचाही गाभा ‘सोपे कर, अवघड करू नकोस’ हाच.

दुसरी यूनुस (बायबलमधील योना) यांची. २१ व्या अध्यायातील ८७ व्या आयतीत ती आहे. माशाच्या पोटात, अंधारात अडकलेले यूनुस देवाचे एकत्व मान्य करतात आणि चूक माझीच होती, असे कबूल करतात. या दुआत सुटकेची मागणी शब्दांत येतच नाही, हे तिचे वैशिष्ट्य. भारतीय उपखंडात तिला ‘आयते करीमा’ म्हणतात. घरात मोठे आजारपण किंवा संकट आले की नातेवाईक, शेजारी एकत्र बसून खजुराच्या बिया किंवा मण्यांवर मोजत ती सव्वा लाख वेळा म्हणतात.

या आकड्याबद्दल मात्र मतभेद आहेत. सव्वा लाखाची संख्या कुरआन किंवा हदीसमध्ये आलेली नाही, ती पुढच्या काळातील रिवाजातून आली, असे अनेक उलेमा सांगतात. काही जण तिला बुजुर्गांचा अनुभव म्हणून स्वीकारतात, तर काही जण संख्या बंधनकारक मानायला विरोध करतात. दुआ मूळची आणि आकडा नंतरचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

संकटासाठी वेगळी नमाज असते का?

असते. तीन प्रकार मुख्य.

‘सलातुल हाजत’ : गरजेच्या वेळी वैयक्तिकरीत्या पढली जाणारी, सर्वसाधारणपणे दोन रकातींची ऐच्छिक नमाज. त्यानंतर आपली गरज मांडून दुआ मागतात.

‘कुनूते नाजिला’ : युद्ध, महामारी, दंगल असे सामूहिक संकट आले की फर्ज नमाजेतच इमाम उभ्याने विशेष दुआ मागतो आणि मागचे लोक ‘आमीन’ म्हणतात. हनफी पंथात ती प्रामुख्याने पहाटेच्या फज्रच्या नमाजेत मागितली जाते.

‘नमाजे इस्तिस्का’ : पावसासाठीची नमाज. पाऊस लांबला की लोक गावाबाहेर मोकळ्या मैदानावर किंवा इदगाहवर साध्या कपड्यांत जमतात. दोन रकाती, त्यानंतर खुतबा आणि दुआ. अंगावरचे वस्त्र उलटे करून घेण्याची प्रथाही यात आहे. परिस्थिती अशीच पालटावी, असा तिचा अर्थ लावला जातो. दुष्काळी मराठवाड्यात पाऊस ओढ देतो तेव्हा ही नमाज बातम्यांत दिसते. त्याच दिवसांत शेजारच्या गावात ‘धोंडी’ काढली जाते, महादेवाची पिंड पाण्यात ठेवली जाते. मागण्याच्या रीती वेगळ्या, आभाळ एकच.

‘मशक्कत’ आणि आपली ‘मशागत’ यांचा संबंध काय?

आसानी ही फक्त मागण्याची गोष्ट नाही. इस्लामी कायदेशास्त्रात, म्हणजे फिक्हमध्ये, ती एक नियम आहे. सर्व शाखांना मान्य असलेल्या पाच मूलभूत सूत्रांपैकी एक असे सांगते की, जिथे मशक्कत येते तिथे नियम सैल होतो. ऑटोमन साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात तयार केलेल्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेत हे सूत्र कलम १७ म्हणून आले.

‘मशक्कत’ म्हणजे कष्ट, दमणूक. शेतकऱ्याच्या तोंडी असलेला ‘मशागत’ हा मराठी शब्द याच अरबी शब्दातून फारसीमार्गे आला. नांगरणी, कुळवणी अशा सगळ्या कष्टांना आपण मशागत म्हणतो.

हे सूत्र व्यवहारात कसे चालते?

आजारी माणसाला किंवा प्रवाशाला रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातील १८५ व्या आयतीत ही सवलत देताना अल्लाहला तुमच्यासाठी आसानी हवी आहे, अडचण नव्हे, अशा आशयाचे कारण दिले आहे. शब्द तेच, युस्र आणि उस्र. पाणी नसेल किंवा पाण्याने अपाय होणार असेल तर वुजूऐवजी मातीने तयम्मुम करता येतो. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून नमाज पढता येते.

प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते. तिला ‘कस्र’ म्हणतात. आता बदलापूरकरांच्या मनात येणारा प्रश्न : रोज सीएसएमटीला जाणारा माणूस प्रवासी ठरतो का? बदलापूर ते सीएसएमटी अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. भारतातील हनफी उलेमा साधारण ७७-७८ किलोमीटरची मर्यादा धरतात, शाफई पंथात ती थोडी अधिक आहे. त्यामुळे बदलापूरच्या चाकरमान्याला कस्र लागू होत नाही, मग लोकलमध्ये त्याचे कितीही हाल होवोत. मुंबईहून कोल्हापूरला निघालेला महालक्ष्मी एक्स्प्रेसचा प्रवासी मात्र प्रवासी ठरतो.

पावसाबाबतही पंथांत फरक आहे. शाफई पंथात मुसळधार पावसात मशिदीत जमलेल्यांना दोन नमाजा एकत्र पढण्याची सवलत आहे. हनफी पंथ पावसाच्या कारणाने ती देत नाही. कोकणी मुस्लीम बहुतांशी शाफई आणि राज्यातील इतर बरेचसे सुन्नी मुस्लीम हनफी आहेत. त्यामुळे ठाणे-रायगड पट्ट्यात एकाच पावसात शेजारशेजारच्या दोन घरांत वेगवेगळे उत्तर मिळू शकते आणि परंपरेच्या दृष्टीने दोन्ही बरोबर असतात.

आसानी मागायची की करायची?

‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातील एका हदीसचा आशय असा आहे : अडचणीत सापडलेल्या माणसाची अडचण जो सोपी करतो, त्याच्यासाठी अल्लाह या जगात आणि परलोकात सोपे करतो. म्हणजे आसानी मिळवण्याचा एक मार्ग दुआचा आणि दुसरा दुसऱ्याची वाट मोकळी करण्याचा.

याचे सर्वांत ठोस उदाहरण कर्जाचे आहे. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातील २८० व्या आयतीत कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी आणि कर्ज माफ केले तर ते अधिक चांगले, असे सांगितले आहे. येथेही अडचणीसाठी ‘उस्र’चे आणि सवडीसाठी ‘युस्र’चेच रूप वापरले आहे. दुआतला शब्द येथे थेट पैशाच्या व्यवहारात उतरतो. हप्ता थकला म्हणून कर्जदाराच्या फोनमधील प्रत्येक नंबरावर धमकीचे फोन जाण्याच्या काळात ही आयत किती जवळची आहे, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्षात हे कसे घडले, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातली आणि अलीकडची आहेत.

पहिले ठाणे जिल्ह्यातीलच भिवंडीचे. २०२० मध्ये करोनाची पहिली लाट आली, रुग्णालयांत खाटा आणि ऑक्सिजन मिळेनासा झाला. तेव्हा भिवंडीच्या शांतीनगर भागातील मक्का मशिदीत मोफत ऑक्सिजन केंद्र सुरू करण्यात आले. टाळेबंदीमुळे मशिदीत जमातीने नमाज होत नव्हती. ज्या जागेत एरवी संकटनिवारणाची दुआ मागितली जाते, त्याच जागेत सिलिंडर आणि खाटा लागल्या. कोणत्याही धर्माच्या रुग्णाला तेथे उपचार खुले होते.

दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीचे. त्याच वर्षी रमजानमध्ये तेथील मुस्लीम समाजाने जकात आणि दानातून ३६ लाख रुपये जमवले आणि शहरातील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. २५ मे २०२० रोजी, ईदच्या दिवशी, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते त्याचे ऑनलाइन उद्घाटन झाले.

बदलापूरनेही हे पाहिले आहे. २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका एनडीआरएफ, नौदल, हवाई दल, लष्कर आणि स्थानिक यंत्रणा यांनी मिळून केली. त्यांत गर्भवती महिलाही होत्या. आसपासचे रहिवासीही मदतीला धावले. बोटीतून ओढून घेणारा हात कोणत्या भाषेत दुआ मागतो, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही.

मलंगगडावर मागितली जाणारी मन्नत आणि दुआ एकच का?

अंबरनाथ तालुक्यातील मलंगगडावर हाजी मलंग बाबांचा दर्गा आहे. हिंदू भाविक या स्थळाला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. दोन्ही धर्मांचे लोक वर्षानुवर्षे हा चढ चढत आले आहेत. स्थळाच्या स्वरूपावरून वादही जुना आहे.

येथे मागितली जाते ती बहुधा ‘मन्नत’ असते, म्हणजे मराठीतला नवस. ‘माझे काम झाले तर मी अमुक करीन’ असे तिचे रूप. दुआला अशी अट नसते. सुफी परंपरेतील आणि बरेलवी विचाराचे मुस्लीम बुजुर्गांच्या ‘वसीला’ने, म्हणजे माध्यमातून, अल्लाहकडे मागणे योग्य मानतात. देवबंदी आणि अहले हदीस विचाराचे उलेमा यातील अनेक प्रथांना विरोध करतात आणि थेट मागण्यावर भर देतात. शिया मुस्लिमांत संकटाच्या वेळी ‘नादे अली’ म्हणण्याची परंपरा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत मुस्लीम ११.५४ टक्के आहेत आणि त्यांच्यात असे अनेक प्रवाह आहेत. त्यामुळे ‘मुस्लीम असे करतात’ या वाक्यापुढे ‘कोणते?’ हा प्रश्न विचारणे केव्हाही चांगले.

मोबाइलवर येणाऱ्या दुआच्या संदेशांचे काय करायचे?

येथे सावध राहण्याची गरज आहे. तीन प्रकारचे संदेश नेहमी दिसतात.

पहिला, ‘११ जणांना पाठवा, नाही तर अनर्थ होईल’. अशी धमकी दुआच्या कोणत्याही परंपरेत बसत नाही. दुआ न पाठवल्याने कोणावरही संकट येत नाही.

दुसरा, ‘इतक्या वेळा वाचा, इतक्या दिवसांत नोकरी नक्की’. दुआ हे मागणे आहे, करार नाही. आकडा आणि मुदत घालून हमी देणारा संदेश आला की तो कोणत्या ग्रंथातला आहे, हे जाणकार इमामांना विचारावे.

तिसरा आणि सर्वांत धोकादायक, ‘अडचण सांगा, हदिया पाठवा, आम्ही अमल करू’. म्हणजे पैसे घेऊन बाधा, करणी, अडथळे दूर करण्याचा धंदा. कोणत्याही धर्माच्या नावाने असा धंदा चालतो आणि त्याच्या गळाला लागतात ती आजारी, कर्जबाजारी, मूल नसलेली, घरात कलह असलेली माणसे.

महाराष्ट्रात यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. दैवी शक्ती असल्याचा दावा करून लोकांना फसवणे, भीती दाखवणे, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. सर्वसामान्य पूजा, प्रार्थना, यात्रा, धार्मिक विधी यांना हा कायदा लागू होत नाही. म्हणजे दुआ मागणे पूर्णपणे मोकळे, दुआच्या नावाने फसवणे गुन्हा.

दुआ मागितली, तरी अडचण तशीच राहिली तर?

हा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत जुना. इमाम अहमद यांच्या हदीस संग्रहात त्याचे उत्तर तीन शक्यतांत दिले आहे. मागितलेले लवकर मिळते, किंवा ते परलोकासाठी राखून ठेवले जाते, किंवा त्याच्या तोडीचे एखादे संकट टाळले जाते. घाई करून ‘मागितले, पण मिळाले नाही’ म्हणत मागणे सोडू नये, असेही हदीसमध्ये सांगितले आहे.

श्रद्धा नसलेल्याला हे उत्तर पटेलच असे नाही. पण श्रद्धावंतालाही परंपरा हात जोडून बसायला सांगत नाही. ‘तिर्मिजी’ या संग्रहात एका बेदुइनाचा प्रसंग आहे. उंट बांधू की अल्लाहच्या भरवशावर मोकळा सोडू, असे तो विचारतो. उत्तर मिळते की आधी बांध, मग भरवसा ठेव. आजारात औषध घेण्याबद्दलही हदीसमध्ये स्पष्ट सूचना आहेत.

आजच्या भाषेत उंट बांधणे म्हणजे काय? नदीने इशारा पातळी ओलांडली की दुआ मागत मागत घर वेळेत रिकामे करणे. कारखान्यात वायूचा वास आला की सुरक्षा अधिकाऱ्याला कळवून बाहेर पडणे. छातीत दुखले की आधी रुग्णवाहिका बोलावणे. थकलेल्या हप्त्याबाबत लपून न बसता बँकेशी बोलणे. मन खचले असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर सरकारच्या ‘टेलिमानस’ या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ क्रमांक फिरवणे. तेथे चोवीस तास आणि मराठीतही बोलता येते. समुपदेशकाशी बोलल्याने ईमान कमी होत नाही.

आणि आपली अडचण सुटली असेल तर? मग पाळी दुसऱ्याची वाट मोकळी करण्याची. उसने दिलेल्या पैशांना आणखी एक महिना थांबणे, रात्रपाळीच्या सहकाऱ्याची एक पाळी उचलणे, परीक्षेला निघालेल्या शेजारच्या मुलीला स्टेशनपर्यंत सोडणे. ‘सह्ल’ हा शब्द जमिनीसाठी वापरला जातो तसा माणसासाठीही वापरला जातो, तो याच अर्थाने.